मागच्या सीटवरचं वजन

३ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझ्या आजीचे तुला पोटभर आशीर्वाद. तिकडे जेवतेस ना वेळेवर? नुसतं ग्रीस चाटून पोट भरत नाही.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे कोण, तर मी, तुझा बाप आणि म्हैस. त्यातली म्हैस बरी नाही, म्हणून हे पत्र.

फोन का केला नाही, विचारशील. फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं शेजारी उभा राहून तुझा बाप ऐकतो. मग तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, आणि मी मधे खांबासारखी. त्यापेक्षा कागद बरा.

एरवी माझी पत्रं समोरची औषधवाली लिहिते. आज मुद्दाम तुझ्या बापाला बसवलंय. तू गेल्यापासून त्याने तुला एक ओळ लिहिलेली नाही, आता माझ्या नावाने का होईना, लिहील. ‘मुद्दाम’ हा शब्द लिहू नकोस म्हटलं होतं. वाचून दाखवायला लावलं तर तोच शब्द मोठ्याने वाचतो. जाऊ दे, राहू दे.

तर म्हैस. रात्री गॅरेजच्या दारात नीट चार चाकांवर उभी केलेली असते. सकाळी बघावं तर मागून खाली बसलेली, पुढचं तोंड वर. किल्ली फिरवली की डिकीखालचा कॉम्प्रेसर घुरघुरतो, आणि बाई हळूहळू ढुंगण उचलतात. दिवसभर काही झालंच नाही असा तोरा. दुसऱ्या सकाळी परत तेच. तुझा बाप म्हणतो, कॉम्प्रेसर असा रोज राबला तर जळून जाईल, आणि मग ती कधीच उठणार नाही.

तुला आठवतंय ना, लहानपणी तू मला विचारायचीस, आजी, तू बसलीस की गाडी वर का जाते? दुसऱ्या गाड्या माणूस बसलं की दबतात आणि दबलेल्याच राहतात. ही आधी दबते, जरा विचार करते, आणि मग मला अलगद वर उचलते. एवढा मान मला या घरात दुसरं कुणी देत नाही. (हे ऐकून लिहिणाऱ्याने नाक फेंदारलंय.)

त्याने सगळं करून बघितलं. आधी मला खाली उतरवलं. ‘आई, वजन नको,’ म्हणाला. मग मागून जॅक लावून गाडी उंच केली, चाकं लोंबत ठेवली, आणि त्या दोन्ही रबरी पिशव्यांना, ज्यांच्यात हवा भरते त्यांना, ब्रशने साबणाचं पाणी फासलं. हवा कुठून निसटत असेल तर तिथे बुडबुडे यायला हवेत. एक बुडबुडा नाही. मग गाडी किती खाली गेली हे सांगणारी ती बोटाएवढी दांडी तपासली. मग हवेचा पाइप बदलला. कॉम्प्रेसर उघडून साफ केला. दोन दिवस त्यातच. सकाळी बघते तर म्हैस बसलेली.

मी म्हटलं, ठिणगीला विचार. तिच्या डेपोतल्या बसगाड्यांना असल्याच पिशव्या असतात, ती रोज तेच करते. तर म्हणतो, ‘तिला विचारायची गरज नाही.’ मी म्हटलं, तुला नसेल, म्हशीला आहे. म्हणून विचारते. बापाला नको, मला उत्तर पाठव.

तुझ्या बापाची तब्येत ठीक आहे. हे वाक्य दोनदा लिही म्हणतो. तुझ्या बापाची तब्येत ठीक आहे.

अक्षर जरा वाकडंतिकडं दिसत असेल तर टेबल हलतंय, असंही लिहायला सांगतो. मला वाचता येतंय कुठे, सरळ काय नि वाकडं काय, सगळ्या मुंग्याच. तरी उठून टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे.

रागावून गेलेल्या माणसाला उत्तर द्यायला बंदी नसते.

तुझी
खाली उतरवलेली आजी


१७ फेब्रुवारी

ठिणगे,

आशीर्वाद आहेतच, ते काय आटले नाहीत. पण आधी तुझ्याशी भांडायचंय.

हे पत्र औषधवाली लिहितेय. दुकानात गिऱ्हाईक नाही, तुझा बाप पलीकडे हवा भरतोय, आणि मी काउंटरच्या आत स्टुलावर बसले आहे. तुझं पत्र हिनेच मला वाचून दाखवलं.

तू लिहितेस, ‘आजी, तू लबाड आहेस हे मला माहीत आहे, पण इतकी असशील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून पत्र लिहून घेऊन बाबाचं नाव का सांगतेस? बाबाचं अक्षर मी ओळखत नाही का? गाड्यांच्या नंबरप्लेटा तो हाताने रंगवायचा. मी त्याचे आकडे गिरवून लिहायला शिकले. हे अक्षर त्याचं नाही. त्याला लिहायचं नसेल तर राहू दे, पण मला खोटी आशा लावू नकोस.’ आणि वर, मी कबूल करावं म्हणून, ते माझं पत्रच परत पाठवलंस!

पोरी, मी आयुष्यात पुष्कळ लबाड्या केल्या. तुझ्या आजोबांना विचारून बघ म्हटलं असतं, पण ते साक्षीला यायचे नाहीत. ही लबाडी मात्र मी केलेली नाही. तुझा बाप माझ्यासमोर बसला होता, पेन त्याच्या हातात होतं, आणि मी त्याच्या डोक्याकडे बघत सांगत होते. कागदाकडे कशाला बघू? माझं तिथे काय काम?

औषधवालीला म्हटलं, तूच बघ बाई, आणि सांग हिला. तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, काय गं, इतकं वाईट आहे? तर म्हणाली, ‘आजी, मी रोज डॉक्टरांची अक्षरं वाचते. ती घाईची असतात. हे घाईचं नाही. प्रत्येक अक्षर सावकाश काढलंय. हे कापऱ्या हाताचं आहे.’

मी म्हटलं, टेबल हलत होतं.

तिने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. मी घरी गेले आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून जोर दिला. हलत होतं. मग खाली वाकून पुठ्ठा काढला. घट्ट उभं राहिलं. माझ्या पुठ्ठ्यानेच हलत होतं ते.

आता तुला सांगते. चहाचा कप तो अर्धाच भरून घेतो, वर्ष होऊन गेलं. मी म्हणायचे, बरं झालं, साखर कमी जाते पोटात. बटणांचे सदरे सोडून गळ्यातून घालायचे घेतले. मी म्हटलं, या वयात तरुण व्हायचंय. नंबरप्लेटा रंगवणं सोडलं, तयार आकडे चिकटवतो. मी म्हटलं, जमाना बदलला. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एकेक विनोद तयार होता. मी बघत होते आणि बघत नव्हते.

आणि ही औषधवाली म्हणते, तो गेले कित्येक महिने डोकेदुखीची गोळीसुद्धा हिच्याकडून घेत नाही. लांबच्या दुकानात जातो. का जातो, ते मला आत्ता कळलं. ही मात्र धंदा गेला म्हणून फुगून बसली होती. (लिहिते आहे, पण मान हलवते आहे. फुगली होतीस, नाही कसं?)

त्याला मी काही बोललेले नाही. कसं बोलू? तू घर सोडून गेलीस ते कशावरून, ते मला ठाऊक आहे. त्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं मागचं चाक तुझ्या बापाने बसवलं, आणि तू त्याच्यामागून तुझा तो नट किती घट्ट बसलाय ते मोजणारा टॉर्क पाना घेऊन, गिऱ्हाइकादेखत, नट पुन्हा तपासायला बसलीस. सैल निघाले. तुझा बाप म्हणाला, ‘माझ्या कामावर हात ठेवायचा नसतो.’ तू म्हणालीस, ‘मग काम नीट करावं.’ एक बोलला, दुसरी बोलली, आणि संध्याकाळपर्यंत तुझी बॅग दारात. तुझी आई असती तर दोघांनाही एकेक लगावून जेवायला वाढलं असतं. मी नुसती ओरडत राहिले.

ते जाऊ दे. म्हशीबद्दल तू जे लिहिलंस ते औषधवालीने मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं आणि मी पाठ केलं. बरोबर आहे का बघ. गाडी जॅकवर लटकवली की रबरी पिशवी ताणली जाते, तिची खालची घडी उलगडते. चीर त्या घडीत असेल तर ती तेव्हा मिटलेली राहते. वर वजन नाही म्हणून हवेचा दाबही कमी. म्हणून साबण लावला तरी बुडबुडा येत नाही. गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर आणायची, चाकं जमिनीवर, डिकीत जुन्या बॅटऱ्या ठेवायच्या, मागच्या सीटवर आजीला बसवायचं. गाडी पुरती वर आली की किल्ली काढायची, आणि मग खड्ड्यातून त्या घडीत साबण लावायचा. ‘आजीला उतरवून तपासू नका,’ असं लिहिलंस, ते मी दोनदा वाचून घेतलं. इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं.

आणि शेवटी लिहिलंस, गाडीखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय बाबाला खड्ड्यात उतरू देऊ नकोस.

ते वाचल्यावर भांडण मिटलं माझं.

तुझी
लबाड नसलेली आजी


२६ फेब्रुवारी

ठिणगे,

खूप खूप आशीर्वाद. आजचं पत्र तुझा बाप लिहितोय. टेबलाखाली काही नाही.

काल सकाळी म्हशीची तपासणी केली. मी त्याला म्हटलं, गाडी खड्ड्यावर घे, मी मागे बसते. तो म्हणाला, ‘हे कुणी सांगितलं?’ मी म्हटलं, स्वप्नात आलं. तो म्हणाला, ‘स्वप्नात टॉर्क पाना होता का?’ म्हणजे कळलं त्याला. पण गाडी घेतली.

डिकीत बॅटऱ्या ठेवल्या. एकेक दोन्ही हातांनी छातीशी धरून आणत होता, बाळ आणल्यासारखी. मग मी बसले. म्हैस दबली, विचार केला, कॉम्प्रेसर घुरघुरला, आणि मला वर उचललं. किल्ली काढली. ठोकळे लावायला लावले, मी दारातून मान काढून मोजून घेतले. मग तो साबणाचं पाणी, ब्रश आणि टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरला.

आता मी वर, तो खाली, मधे गाडी. मला तो दिसत नाही, त्याला मी नाही. नुसता आवाज.

‘आई, हलू नकोस.’

‘मी दगडासारखी बसले आहे.’

‘मग उजेड का हलतोय?’

मी समोर बघितलं. त्याच्या टॉर्चचा उजेड खड्ड्यातून वर येऊन समोरच्या भिंतीवर पडला होता. नुसता नाचत होता भिंतीवर. मी म्हटलं, ‘अरे, उजेड तुझ्या हातात आहे.’



मग उजेड थांबला. त्याने टॉर्च कुठेतरी टेकवून ठेवला असावा. ब्रशचा आवाज आला. बराच वेळ. आणि मग, ‘सापडलं.’

‘कुठे?’

‘डावी पिशवी. खालच्या घडीत. केसाएवढी चीर आहे. बुडबुडे येतायत, आई. बारीक बारीक.’ आवाज असा, जसा लहानपणी विहिरीत मासा दिसला की यायचा. मग जरा थांबून म्हणाला, ‘कार्टीने बसल्या जागी ओळखलं.’

कार्टी म्हणजे तू. हे त्याने लिहिलं असेल अशी आशा आहे.

त्याला वाटलं, हातासरशी पाइप सोडवून पिशवीत उरलेली हवा काढून टाकावी. मला म्हणाला, बसून राहा, ठोकळे आहेत. पिशवीच्या डोक्यावर पाइप घुसतो तिथे एक छोटी कडी असते म्हणे, ती दोन बोटांनी दाबून धरायची आणि पाइप ओढायचा. वर्षानुवर्षं त्याने असल्या कड्या गप्पा मारत काढल्या. काल बोटं निसटून हात पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. मग परत. मग परत. मग काहीच नाही.

मी हाक मारली नाही. तोही वर आला नाही. खड्ड्यात बसला असणार. मला खालून त्याचा श्वास ऐकू येत होता. फोनवर मला धड ऐकू येत नाही, पण तो श्वास आला.

मग तो खालून म्हणाला, ‘त्या दिवशी नट सैलच होते, आई.’

मी म्हटलं, ‘माहीत आहे.’

‘मला तेव्हाच माहीत होतं. पाना हातात राहत नव्हता. तिने तपासले नसते तर तो माणूस बायकापोरं घेऊन हमरस्त्याला लागला असता.’

‘मग तिला हे सांगितलं का नाहीस?’

‘काय सांगू? बापाचा हात गेला, आता तू सांभाळ? ती डेपोत नवं काही शिकायला निघाली होती. रागावून गेली तर निदान मागे वळून बघायची नाही, असं वाटलं.’

ठिणगे, मी मागच्या सीटवर बसले होते आणि हसू का रडू ते कळेना. एकीला वाटतं बापाने हाकललं. बापाला वाटतं त्याने मोकळं सोडलं. आणि मी एकाची आई, एकीची आजी, मला वाटत होतं भांडण टॉर्क पान्यावरून झालं.

मी त्याला म्हटलं, ‘आधी वर ये. गुडघे ओले झाले असतील.’

तो वर आला. मी हात दिला. त्याचा हात माझ्या हातात थरथरत होता, आणि मी काही विनोद केला नाही. फक्त धरून ठेवला. मग त्यानेच म्हटलं, ‘आई, आता तू उतर, ही खाली बसेल.’ मी म्हटलं, ‘बसू दे. मी पण तिच्याबरोबर बसते.’ तो शेजारी येऊन बसला, आणि आम्ही दोघं मागच्या सीटवर बसून म्हैस हळूहळू खाली जायची वाट बघत राहिलो. फार सावकाश जाते गं. कळतसुद्धा नाही. ठोकळ्यांवर टेकली तेव्हा कळलं.

तिथेच त्याने डॉक्टरांचं सांगितलं. हात कापायचा हा आजार सावकाश वाढणारा आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, बरा होत नाही. चालेल फिरेल, गिऱ्हाइकांशी भांडेल, गाडीचा आवाज ऐकून रोग सांगेल. बारीक काम मात्र नको, आणि ब्रेकचं, चाकांचं तर नकोच. चाकांची कामं तो गेले काही महिने पलीकडच्या गॅरेजला पाठवतो आहे. मला वाटायचं, श्रीमंत झालाय.

हे सगळं मी त्याला सांगून लिहून घेतलं. नटांपाशी आल्यावर पेन थांबलं. मी म्हटलं, लिही. तो म्हणाला, आई, हे नंतर सांगीन मी. मी म्हटलं, नंतरचं नंतर, आज हे जाऊ दे. मग पेन पुन्हा चालू लागल्याचा आवाज आला. पण काय लिहिलं ते मला कुठलं कळायला? ‘आज हवा छान आहे’ असंही लिहिलं असेल. या वेळी वाचून दाखव म्हटलं नाही. औषधवालीलाही दाखवणार नाही. लिहिलं असेल तर तुला दिसेलच.

नवी पिशवी काल संध्याकाळी आली. टेबलावर ठेवली आहे. पलीकडच्या गॅरेजवाल्याला बोलावू का, विचारलं. तुझा बाप म्हणाला, ‘म्हशीला परक्याने हात लावायचा नाही.’ मी म्हटलं, मग कुणी? तर खिडकीतून बाहेर बघत म्हणतो, ‘डेपोत सुट्टी मिळते का म्हणावं.’ मी म्हटलं, काय काय आणायला सांगू? खिडकी लोटून घेतली. मग म्हणाला, ‘तो टॉर्क पाना आण म्हणावं. पिशवी झाली की चाक बसवताना माझ्यामागून सगळे नट तपास म्हणावं. गिऱ्हाइकासमोर.’

आपल्याकडे गिऱ्हाईक नसेल तर औषधवालीला उभं करू. ती तयार आहे, आजपासून गोळ्या तिच्याकडून घ्यायच्या या अटीवर.

तू कायमची ये असं मी म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, तुझं शिकणं आहे. तू ये, म्हशीला उठव, बापाला दोन शब्द सुनाव, त्याचे दोन ऐक, आणि मग काय ते ठरव. मी कशातच मधे पडणार नाही. (लिहिणारा हसला. फार दिवसांनी हसलाय, म्हणून माफ.)

म्हैस खड्ड्यावर ठोकळ्यांवर टेकून उभी आहे. मी रोज दुपारी थोडा वेळ आत जाऊन बसते. उचलत नाही ती आता, पण सवय आहे.

तो म्हणतो पानाच्या तळाशी जागा उरली आहे, तिथे त्याला स्वतःचं काही लिहायचंय. काय, ते मला सांगत नाही. मी म्हटलं, लिही बाबा, तुझी मुंगी, तुझी रांग.

वाट बघणारी,
मागच्या सीटवरचं वजन,
आजी


टेबल हलत नव्हतं.
— बाबा